देव दयाळू, मग दुःख का?

देव सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर जगात दुःख का? अमळनेरला १९१६ साली उद्योजक प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तिथे ज्या अद्वैत वेदान्ताचा अभ्यास झाला, त्याने हा प्रश्न टाळलेला नाही. वेदान्ताचा आधार असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात देवावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप मांडून उत्तर दिले आहे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य देवाला पावसाची उपमा देतात. पाऊस सगळीकडे सारखाच, पीक मात्र बियाण्याप्रमाणे. आणि बियाणे म्हणजे ज्याचे त्याचे कर्म.

यावर पहिला आक्षेप असा की, सृष्टीच्या आरंभी कर्म आले कुठून? उत्तर आहे, संसार, म्हणजे जन्ममरणाची साखळी, अनादि आहे. यामुळे पक्षपाताचा आरोप सुटतो, पण ही साखळी मुळात असावीच का, हे उरते. दुसरा आक्षेप, सर्वज्ञ देवाला उद्याचे ठाऊक असेल, तर माणूस स्वतंत्र कसा? पण ठाऊक असणे म्हणजे घडवून आणणे नव्हे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: कर्माचा सिद्धान्त दुःखितालाच दोषी ठरवतो. इथे जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. अकाली वैधव्य आलेल्या या निरक्षर कवयित्रीने आपल्या गाण्यात ज्योतिषाला दारातूनच परत पाठवले, देवाला मात्र सोडले नाही. आपल्या दुःखाचा निवाडा तिने दुसऱ्याला करू दिला नाही. कर्मविचाराचा खरा उपयोगही असाच आहे. तो स्वतःच्या पुढच्या कृतीला लावावा. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करायला वापरू नये.