आजाऱ्याला विचारा, मग ठरवा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, वकील नाही. सूतगिरणीतला कामगार आहे. पण वस्तीतल्या पेशंटांबरोबर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या पुष्कळ वाऱ्या केल्या. त्यात जे पाहिलं आणि वाचलं तेवढंच सांगतो.

कॅन्सर शेवटच्या स्टेजला गेला, की आपल्या घरात लपवालपवी सुरू होते. "त्यांना सांगू नका, धसका घेतील." सगळ्या गल्लीला माहीत, ज्याचा जीव जाणार त्यालाच माहीत नाही! मग एका रात्री धाप लागते. डॉक्टर विचारतात, मशीन लावायचं का? थोरला म्हणतो लावा, लेक म्हणते घरी न्या, गावाकडचा भाऊ म्हणतो पैशाकडं बघू नका. सही करणाऱ्याला जन्मभर बोल बसतो.

आमच्या खात्यातल्या एका जोडीदाराला तोंडाचा कॅन्सर होता. त्याच्या बायकोनं धीर करून डॉक्टरांसमोर त्यालाच विचारलं. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं पोरीच्या वहीवर लिहिलं: आता नळ्या नकोत, दुखणं थांबवा, घरी न्या, पोरीच्या शिक्षणाचे पैसे मोडू नका. पुढं भावकी रागावली. बाईनं ती वही पुढं ठेवली. सगळे गप्प झाले.

घरी नेणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. वेदना, धाप, उलट्या, जखमेचा वास यांवर इलाज असतो. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मॉर्फिनच्या नावाला लोक भितात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते कॅन्सरच्या वेदनेवरचं औषधच आहे. २०१४ साली कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं गेलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन तर १९८६ पासून अशाच रुग्णांची सेवा करतं.

कायदाही समजून घ्या. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलं, की बरं होण्याची आशा उरली नाही तर मशीनवर ठेवू नका, असं माणसाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. २०२३ च्या जानेवारीत रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा गॅझेटेड अधिकाऱ्यापुढं सही. आपल्या वतीनं कोणी बोलायचं, त्या नातेवाइकांची नावं त्यात घालायची. माणूस स्वतः सांगू शकत नसेल तेव्हाच तो कागद लागू होतो, तोही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्यावर. इंजेक्शन देऊन मारण्याची परवानगी मात्र कुणालाच नाही.

तथागतांनी आपलं महापरिनिर्वाण तीन महिने आधी सांगितलं. आनंदाला दुःख होईल म्हणून लपवलं नाही. मग आपणच का लपवावं?

तेव्हा बंधूंनो, आयसीयूच्या दारात भांडण्यापेक्षा आधी घरात बसा. बायका-मुलींनाही बोलू द्या, कारण रात्रंदिवस सेवा त्याच करतात. पण पहिला शब्द आजाऱ्याचा. त्याला नसेल ऐकायचं तर जबरदस्ती नको. पण विचारा तरी. जीव त्याचा आहे.

जयभीम.