आपल्या कामाचा फोन कसा असावा?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाचा भाव, वीज आणि कर्ज सोडून आम्ही मोबाइल फोनवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही जण हसले. हसू द्या. पण 2025-26 च्या हंगामात काय झाले ते आठवा. सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला. तो भाव पदरात पाडून घ्यायचा तर आधी सीसीआयच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. आधार फोनमधून, सातबारा फोनमधून, पेरा फोनमधून. माल कोणत्या दिवशी आणायचा तेही फोनवरच ठरवायचे. म्हणजे हमीभावाच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली फोनमध्ये ठेवली. ज्याच्याकडे ती किल्ली नाही त्याने काय करायचे? शेजारच्या पोराची मनधरणी करायची, नाहीतर खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर माल घालून मोकळे व्हायचे.

तेव्हा फोन ही आता पोरांची चैन राहिलेली नाही. वखर, डवरा, तिफण, तसे ते एक औजार झाले आहे. आता सांगा, तिफण करून घ्यायला आपण सुताराकडे जातो तेव्हा तो काय विचारतो? जमीन भारी की हलकी, बैल केवढे, दोन तासांत अंतर किती ठेवता. फोनच्या दुकानात गेलो तर पोरगा विचारतो, "काका, कॅमेरा किती मेगापिक्सलचा पाहिजे?" तुमची जमीन कोणती, गावात वीज किती तास असते, टॉवर कोणता पकडतो, हे विचारणारा दुकानदार आम्हाला अजून भेटायचा आहे. दोष त्याचा नाही. फोन करणाऱ्यानेच ते कधी विचारले नाही.

कधीच नाही असे म्हणणे मात्र खोटे होईल. 31 जुलै 1995 रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा समोरच्याने फोन केला तरी आपल्याच खिशातून पैसे जायचे. 2003 साली येणारे कॉल फुकट झाले आणि मोबाइल खेड्यात शिरला. त्याच वर्षी नोकियाचा 1100 नंबरचा फोन आला. तुमच्यापैकी निम्म्यांनी तो वापरला असेल. त्याची बटणे रबराच्या एकसंध पत्र्याखाली होती, धूळ आत जात नव्हती. घामाच्या हातातून निसटू नये म्हणून बाजूला खरखरीत पकड होती. आणि डोक्यावर बॅटरी, म्हणजे टॉर्च! रात्री मोटार लावायला जाताना, गोठ्यात गाय व्यायला झाली तेव्हा, त्या उजेडाची किंमत आपल्यालाच माहीत. हा फोन जगात 25 कोटींच्या आसपास खपला. ज्या फोनमध्ये ना कॅमेरा ना इंटरनेट, तो जगातल्या सर्वांत जास्त खपलेल्या फोनांपैकी एक ठरला, कारण करणाऱ्याने गरीब मुलखातला माणूस कसा राहतो ते पाहिले होते.

पाहूनही चुकतात, त्याचाही नमुना ऐका. 2006 मध्ये मोटोरोलाने मोटोफोन नावाचा स्वस्त फोन आणला. कल्पना नामी होती. पडदा असा की भर उन्हात कागदावरच्या छापासारखा दिसावा आणि वीज जवळजवळ खाऊ नये. वाचता न येणाऱ्यासाठी फोन स्वतः बोलून सांगे. पण त्या पडद्यावर एका ओळीत सहाच अक्षरे मावत, तीही घड्याळाच्या आकड्यांसारखी तुकड्या-तुकड्यांची. मेसेज वाचता वाचता माणूस हैराण. गरिबाला मेसेज कशाला लागतो, असा कोणाचा तरी हिशेब असावा. तो फोन टिकला नाही. उलट 2008 मध्ये मायक्रोमॅक्सने एका चार्जिंगवर तीस दिवस तग धरणारा फोन विकायला काढला आणि या कंपनीचे नाव खेडोपाडी पोचले. त्यात दुसरे विशेष काही नव्हते. भारनियमनात जगणाऱ्याला तेवढेच विशेष हवे होते.

आता आपण आपल्या सुताराला काय सांगायचे?

पहिली गोष्ट बॅटरी. ती मोठी हवी हे कोणीही सांगेल. आम्ही म्हणतो, ती नखाने झाकण उघडून काढता आली पाहिजे. जुन्या फोनची बॅटरी फुगली तर बाजाराच्या दिवशी नवी टाकून माणूस संध्याकाळी घरी येई. आता ती आत चिकटवून ठेवतात. बॅटरी मेली की फोन मेल्यात जमा, आणि नव्यासाठी पुन्हा हप्ते. युरोपातल्या देशांनी कायदा केला आहे की फेब्रुवारी 2027 पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. हॉलंडमधली फेअरफोन नावाची कंपनी 2015 पासून असा फोन विकते की पडदा फुटला तर घरच्या स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतो. तिकडे जमते तर इकडे का नाही?

दुसरे, ऊन. आयफोनच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते की हे यंत्र 0 ते 35 अंशांत वापरावे. आमच्या अकोल्या-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. म्हणजे माहितीपत्रकाप्रमाणे चाललो तर उन्हाळभर फोन माठात ठेवायला हवा! तापलेल्या लिथियम बॅटरीला चार्जिंगला लावले की तिचे आयुष्य कमी होते, हे रसायनशास्त्र आहे, त्यात कंपनीला दोष देता येत नाही. पण पत्र्याच्या घरात दुपारी चार्जिंग होणार आहे हे धरून जो फोन बांधील तो आपला.

धूळ आणि पाणी यासाठी एक खूण लक्षात ठेवा. खोक्यावर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, 6 असेल तर धूळ आत जात नाही. दुसरा पाण्याचा, 7 असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. विकत घेताना मेगापिक्सलच्या आधी हे दोन आकडे विचारा.

आणि बायकांचे कोण विचारणार? लुगड्याला खिसा नसतो. वेचणीला गेलेली बाई फोन कमरेच्या ओटीत ठेवते आणि तो कापसाबरोबर गाठोड्यात जातो. मग साऱ्या वावराने त्याला रिंग देत बसायचे. जुन्या फोनला दोरी ओवायला भोक असायचे, एवढेच भोक परत पाडा असे आमचे मागणे आहे. दुसरी अडचण याहून मोठी आहे. घरात फोन एक, नंबर नवऱ्याचा, आणि ओटीपी त्या नंबरवर. नवरा बाहेरगावी किंवा, देव न करो, गेलेला असला तर बाईच्या नावच्या जमिनीचे कामसुद्धा अडते. आदर्श फोनमध्ये एकाच यंत्रावर घरातल्या दोघातिघांची आपापली कुलुपे असावीत, आणि सरकारी नोंदणीत बाईचा नंबर बाईचाच लिहिलेला असावा. यातले दुसरे काम फोन कंपनीचे नाही, आपले आहे.

भाषेबद्दल सरकारने एक बरे काम केले. 2016 मध्ये मानक ठरले की देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर 22 भाषांची अक्षरे वाचता आली पाहिजेत. अक्षरे आली, भाषा काही आली नाही. ॲपमधली मराठी मंत्रालयातून निघते. 'प्रमाणीकरण यशस्वी झाले नाही, कृपया पुनश्च प्रयत्न करा.' अहो, आंगठा लागला नाही, परत लावा, असे म्हणा की! आता बोललेले समजणारे फोन आले आहेत. आमची अट साधी आहे. वऱ्हाडातला म्हातारा 'पऱ्हाटीवर लाल्या आला' म्हणाला तर फोनला ते कळले पाहिजे. त्याने आधी पुण्याचे बोलणे शिकून यावे ही अपेक्षा नको.

जीव वाचवण्यात मात्र फोनने खरोखर काम केले आहे, ते मान्य केले पाहिजे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने 'दामिनी' ॲप केले आहे, ते आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असली तर सूचना देते. वावरात झाडाखाली उभे राहणारे आपणच, त्यामुळे हे ॲप आपल्यासाठीच आहे. पण इंटरनेट नसले तर? 2023 मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले आणि लोक घाबरले, आठवते? ती चाचणी होती. एका टॉवरखालच्या सगळ्या फोनांना एकाच वेळी इशारा द्यायची ती पद्धत, तिला ना नंबर लागतो ना इंटरनेट. साध्या बटणाच्या फोनवरही असा इशारा मराठीत, मोठ्या आवाजात, वाचून दाखवला जावा. शिवाय रेडिओ. फोनमध्ये एफएम रेडिओ ठेवा असे केंद्राने एप्रिल 2023 मध्ये कंपन्यांना कळवले. टॉवर बंद पडला तरी रेडिओ बोलतो.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच वर्षापासून नव्या फोनांत धोक्याचे बटण सक्तीचे आहे. साध्या फोनवर 5 किंवा 9 चे बटण दाबून धरले की 112 ला फोन लागतो. किती जणांना माहीत होते, हात वर करा. बघा! बटण आहे, सांगितले कोणी नाही. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते सर्वांत जहाल विष, मग पिवळा, निळा, हिरवा. फोनच्या कॅमेऱ्याने डब्याकडे पाहून ते बारीक अक्षर मोठ्याने वाचून दाखवले तर मेगापिक्सलचा काही उपयोग झाला असे आम्ही म्हणू.

नेटवर्कवर फार बोलत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. दोन सिम पाहिजेतच. जागा दाखवणारे जीपीएस उपग्रहावर चालते, त्याला टॉवर लागत नाही. तेव्हा ई-पीक पाहणी असो की आणखी काही, फोटो वावरात काढावा, वेळ आणि जागा तिथेच नोंदली जावी, आणि गावात रेंज आली की तो आपोआप जावा. गेल्यावर पोच मिळावी, ती पुसता येऊ नये. पावतीशिवाय माल टाकायचा नाही हे आपण बाजार समितीत शिकलो, फोनलाही तोच नियम.

आता मुद्द्याचे. फोन आला की शेतकऱ्याला भाव कळेल आणि व्यापारी लुटणार नाही, असे आम्ही पंचवीस वर्षे ऐकतो आहोत. त्यासाठी केरळचा दाखला देतात. दाखला खरा आहे. 1997 ते 2001 या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आले. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने त्याचा हिशेब 2007 मध्ये मांडला. आधी एका बंदरावर तारली मासा समुद्रात फेकावा लागे आणि थोड्या अंतरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाई. फोन आल्यावर नावाडी समुद्रातूनच विचारून नाव वळवू लागले. त्यांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासा सुमारे 4 टक्क्यांनी स्वस्त झाला.

मग महाराष्ट्रात काय झाले? 2007 पासून रॉयटर्सने मराठीत बाजारभाव आणि हवामान मेसेजवर द्यायला सुरुवात केली. फाफशाँ आणि मिंटेन या दोघा अभ्यासकांनी आपल्या राज्यातल्या शंभर गावांत तपासणी केली, काहींना ही सेवा वर्षभर फुकट देऊन. 2012 मध्ये निकाल छापून आला. ज्यांना मेसेज मिळाला आणि ज्यांना नाही, त्यांना मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

असे का? आमचे मत सांगतो, पटले तर घ्या. नावाड्याजवळ नाव होती, माल नावेतच होता आणि वळायला समुद्र मोकळा होता. आपल्याजवळ काय आहे? कापूस घरात, घरात पोरे झोपायला जागा नाही, उधारीवाला दारात, आणि दुसऱ्या बाजाराचे गाडीभाडे भावातल्या फरकाएवढे. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 च्या वर खरेदीच नाही, आणि तो मोजणारे यंत्र ग्रेडरच्या हातात. 19 ऑगस्ट 2025 ला कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत उठवले, ही बातमी आपल्या फोनवर त्याच दिवशी आली. कळली. कळून सीतादहीच्या आधी आपण काय करू शकत होतो? ज्वारीचा हमीभाव त्याच हंगामात संकरितला 3,699 रुपये होता, हेही फोन सांगतो. खरेदी केंद्र उघडे आहे की नाही, बारदाना आहे की नाही, आज किती गाड्या मोजल्या, हे सांगत नाही.

म्हणून आमच्या आदर्श फोनमध्ये भावाच्या जोडीला या तीन गोष्टी पाहिजेत, आणि शक्य झाले तर गावातच ओलावा मोजायचे छोटे यंत्र त्याला जोडता यावे. ग्रेडर 13 म्हणाला आणि आपल्या यंत्रात 10 आला, तर त्या दिवशी फोनचा खरा उपयोग होईल. मोटार घरबसल्या चालू करायचे यंत्र पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी साध्या मोबाइलवर करून दाखवले, नॅनो गणेश या नावाने ते विकले गेले. तेव्हा हे यंत्र होणार नाही असे कोणी सांगू नये.

बैठक संपल्यावर तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी दोन याद्या करायच्या आहेत. कपास किसानवर नोंदणी करताना कोणाची कोणत्या पायरीवर गाडी अडली, आणि कोणत्या गावात कोणत्या कंपनीची रेंज नाही. नाव, गाव, तारीख, स्वच्छ अक्षरात. त्या आम्ही सीसीआयच्या आणि फोन कंपन्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत. आणि 112 व किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551, सकाळी सहा ते रात्री दहा, हे दोन्ही नंबर फोनमध्ये घातले असले तरी गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.