म्हातारा डोळा आणि घरातली वाट



साक्षरतेच्या वर्गात चाळिशीपुढचे कास्तकार येतात. महिनाभर पाटी गिरवतात आणि एक दिवस म्हणतात, "गुरुजी, आमच्या डोक्शात काही शिरत नाही." आम्ही पाटी हातभर लांब धरतो. लगेच अक्षर वाचता येते! दोष डोक्याचा नसतोच. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते, म्हणून जवळचे पुसट दिसते. चष्मा लावला की काम भागते.

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहू. आबाजी आंगणातल्या उन्हातून सपरीत येतात आणि उंबरठ्याला ठेचाळतात. सून म्हणते, "दिसत नाही का?" खरेच दिसत नाही. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मानाने सुमारे तिसरा हिस्साच उजेड पोचतो. वर्धेचे ऊन म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हातून अंधारात आल्यावर म्हाताऱ्या डोळ्याला सरावायला जास्त वेळ लागतो. शेणाने सारवलेली पायरी आणि शेणाने सारवलेली जमीन त्याला एकच वाटते. पायरीच्या काठावर चुन्याचा पांढरा पट्टा ओढा. खर्च किती? मूठभर चुना. न्हाणीच्या वाटेवर रात्री दिवा असू द्या.

डोळ्यासारखीच गोष्ट वाटेच्या आठवणीची. मेंदूत जागेची खूण धरून ठेवणाऱ्या पेशी आहेत. त्या आधी उंदरांच्या मेंदूत सापडल्या. त्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वय झाले की जुनी वाट पक्की राहते, पण नवी वाट सावकाश बसते. चाळीस वर्षांची विहिरीची वाट आजी अंधारातही चालेल. पण तुम्ही तिची बाज न सांगता दुसऱ्या खोलीत हलवली, तर रात्री ती भिंतीला धडकेल. मग लोक म्हणतात, म्हातारीला चळ लागला. हे बोलणे आम्हाला अन्यायाचे वाटते. बाज हलवायचीच असेल, तर आधी सांगा आणि दिवसाउजेडी दोनचार वेळा हात धरून फिरवा.

मुलाकडे वर्धेला राहायला गेलात, तरी तेच करा. जाताना खुणा ठरवा: निंबाचे झाड, मारुतीचे देऊळ. मधून मधून मागे वळून पाहा, कारण परतताना तीच वाट वेगळी दिसते.

दिसणे धुरकट झाले, दिव्याभोवती कडे दिसू लागले, तर मोतीबिंदू असू शकतो. तो पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले. आता गढूळ भिंग काढून तिथे नवे बसवतात. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तिथे मेडिकल कॉलेज सुरू केले. तिथे डोळे तपासून घ्या. काचबिंदूही पाहतील. त्यात गेलेली नजर परत येत नाही, म्हणून उशीर नको.

आणखी एक. नव्या गावी वाट चुकली तर घाबरू नका. पण आयुष्यभराच्या वावराची वाट कुणी चुकू लागले, किंवा एकाएकी आपलेच घर ओळखेना, तर तो नुसता वयाचा परिणाम नव्हे. त्यांना लगेच डॉक्टरकडे न्या. जाताना जुना चष्मा आणि रोजच्या गोळ्या बरोबर घ्या.