पिलांना ऊब हवी, उजेड नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चार माणसांपुढे बोलायचे म्हणजे छातीत धडधडते. पण माझ्या हातून जी चूक झाली ती ऐकून एखादीची पिले वाचली तर बरेच होईल, म्हणून उभी राहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या बचत गटातून कर्ज काढून मी एक दिवसाची ५० पिले आणली. श्रावणाचे दिवस, बाहेर पावसाची झड. लाकडी खोक्यात तूस पसरले, वर पांढराशुभ्र एलईडी दिवा टांगला आणि समाधानाने झोपले. खोक्यात लख्ख उजेड होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहते तो सगळी पिले एका कोपऱ्यात ढिगाने पडलेली. वरची थरथरत होती, खालची गुदमरून गेली होती. ३१ पिले मी स्वतःच्या हाताने परड्यात पुरली. हे काही बोलले नाहीत, पण कर्ज माझ्या नावावर होते. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, खुडूक कोंबडी पिलांना पंखाखाली घेते, ती उजेडासाठी की उबेसाठी?"

सगळे वर्म त्या एका वाक्यात आहे. एलईडी दिवा वीज वाचवतो तो उष्णता फारशी न देता, म्हणून घरात तो चांगला. पिलांना मात्र तारेचा जुना पिवळा बल्ब लागतो. आणि खोक्याला कोपरे असले की गारठलेली पिले तिथेच एकमेकांवर चढतात.

पुढच्या खेपेला मी घरच्या घरी अशी सोय केली. दीड फूट उंचीची पत्र्याची पट्टी वाकवून साधारण पाच फूट रुंदीचे गोल कडे केले. जाड पुठ्ठाही चालतो. आत तीन बोटे भाताचे तूस आणि पहिले तीन-चार दिवस त्यावर चुरगळलेले वर्तमानपत्र, म्हणजे पिले तूस खात नाहीत. कागद गुळगुळीत ठेवू नका, पाय घसरून फाकतात. कागद रोज बदलावा. मध्यभागी लोखंडी घमेले पालथे टांगले आणि त्याच्या आत ६० वॅटचे दोन बल्ब बसवले. एका पिलाला दोन वॅट हा हिशेब. दोन बल्ब अशासाठी, की रात्री एक गेला तरी दुसरा राहतो. घमेले मजबूत तारेने आढ्याला बांधावे, विजेच्या वायरीवर लोंबकळत ठेवू नये. होल्डर वायरमनकडूनच बसवून घ्यावा. घमेले लोखंडाचे आहे, उघडी वायर लागली तर जिवावर बेतेल.

पिले येण्याच्या आधी पाच-सहा तास बल्ब लावून जागा तापवून ठेवावी. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. मग दर आठवड्याला घमेले थोडे वर घेऊन तीन-तीन अंश कमी करावी.

ताप मोजायचे यंत्र नसले तरी अडत नाही. पिले बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, घमेले खाली घ्यावे. चोच उघडून, पंख पसरून कडेला पळत असतील तर उकडते आहे, वर घ्यावे. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे, तिथे गोणपाट लावावे. मात्र खोली पार कोंडून टाकू नये. पिले सगळीकडे सारखी पसरून हळू कुजबुजत असतील तरच आपण झोपावे. मी पहिल्या आठवड्यात रात्री दोनदा उठून पाहत असे.

वीज गेली तर? बाटल्यांत गरम पाणी भरून, बुचे घट्ट लावून, गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवाव्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी मुळीच ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिलेच काय, माणसेही दगावतात.

पाणी कोमट आणि उथळ ताटलीत द्यावे, त्यात चार स्वच्छ खडे टाकावे, म्हणजे पिले बुडत नाहीत. आल्याबरोबर एकेकीची चोच पाण्यात बुडवून तिला पाणी दाखवावे. मग मक्याचा बारीक भरडा, आणि दुसऱ्या दिवसापासून पिलांचे खाद्य. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची पहिली लस पाच ते सात दिवसांची असताना गुरांच्या दवाखान्यात विचारून द्यावी. वर जाळी हवीच. उंदीर, मुंगूस आणि बोका आपल्यापेक्षा जास्त जागे असतात.

त्या खेपेला ५० पैकी ४८ पिले जगली. अंडी विकून मी गटाचे दोन्ही वेळचे कर्ज फेडले. पहिल्या कर्जाचा हप्ता थकला होता, तेव्हा तुम्ही कोणी मला टोचून बोलला नाहीत, हे मी विसरणार नाही.

ज्यांना पिले आणायची असतील त्यांनी आधी माझ्या पडवीत येऊन कडे पाहून जावे. घमेले आणि पत्रा मी उसना देईन. तुमच्या परड्यात खड्डा खणायची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा.