नारळ वाढवला म्हणजे काय केलं?

मघाशी अध्यक्षांनी नारळ वाढवला. दगडावर आपटून त्याची दोन भकलं केली आणि आपण टाळ्या वाजवल्या. फोडला असं कुणी म्हणालं नाही. माझ्या आईची बांगडी नळावर आपटून पिचली की ती पुटपुटायची, “वाढवली गं बाई.” मंगळसूत्र तुटलं तरी तेही वाढवलेलंच. मोडणं जिव्हाळ्याचं असलं की मराठी त्याला उलट्या नावाने हाक मारते.

मंडळाने विषय दिलाय, ‘नाशाच्या उलट शब्द’. शाळेत आपण ‘निर्मिती’ लिहून एक गुण मिळवला. पण मोडकी वस्तू हातात असलेला माणूस निर्मिती कुठे करतो? तो पातेल्याला कल्हई करून घेतो, शालीला रफू करतो, पोपडे सुटलेली जमीन सारवतो, पावसाच्या तोंडावर घर शाकारतो. आणि पाट्याला टाकी लावतो.

मुंबईच्या टागोरनगरात आमच्या जिन्याखाली टाकीवाली बसायची. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही. ती बाई डोळे बारीक करून छिन्नी तिरकी धरी आणि टक् टक् करत पाट्यावर खळगेच खळगे पाडी. दगडाची कपची उडून एकदा माझ्या गालाला लागली होती. छिन्नी फोडायचीच, पण पाटा परत कामाला लागायचा. पहिल्या दिवशीच्या चटणीत थोडी कचकच यायची, ती गिळायची.

आता आपल्या शेजारचं कन्नमवारनगर घ्या. मारोतराव कन्नमवार १९६२ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि १९६३ मध्ये पदावर असतानाच गेले. ‘गेले’ हाही तसलाच शब्द. त्यांच्या नावाच्या म्हाडा वसाहतीतला रहिवासी हल्ली सांगतो, “आमची बिल्डिंग गेली डेव्हलपमेंटला.” कागदावर ‘पुनर्विकास’ असतो, तोंडी बिल्डिंग ‘जाते’. मला तोंडचा शब्द जास्त खरा वाटतो. गैरसमज नको, मी पाडण्याच्या विरोधात नाही. गळक्या छताखाली बादल्या मांडून झोपलेल्याला जुन्या भिंतींची थोरवी ऐकवू नये. तक्रार शब्दाशी आहे. नारळ वाढवणाऱ्याला आपण तो फोडलाय हे पक्कं ठाऊक असतं. ‘पुनर्विकास’मध्ये पाडणं कुठे ऐकूच येत नाही.

याउलट ‘जीर्णोद्धार’ बघा. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास काशीला विश्वनाथाचं देऊळ नव्याने बांधलं, तरी आपण ‘जीर्णोद्धार’ म्हणतो. त्या शब्दात जीर्ण आधी येतं, उद्धार मागून.

आणखी एक शब्द, त्याला करणारा दुसरा कुणी लागत नाही. पूर्व द्रुतगती मार्ग ओलांडला की खाडीकडे गोदरेजने राखलेली खारफुटी आहे. तिथल्या कांदळाचं बी झाडावर असतानाच कोंब धरतं. वीतभर, कधी हातभर लांब हिरवी काठी होऊन ते लोंबकळत राहतं आणि एक दिवस सुटतं. भरती असेल तर तरंगत दुसरीकडे जातं. ओहोटी असेल तर टोकावर पडून चिखलात उभंच्या उभं रुततं. आपण माणसं चिखलात रुतलो की हाका मारतो. ते रुततं आणि तिथेच रुजतं.