झाकल्या जाणाऱ्या कामाची जबाबदारी

आज बांधकाम व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मानखुर्द ओलांडलं की ठाण्याची खाडी लागते. त्या खाडीवर आज शेजारीशेजारी तीन पिढ्यांचे रस्तापूल उभे आहेत. पहिला १९७३ चा, दुसरा १९९७ चा. तिसऱ्याची एक बाजू ऑक्टोबर २०२४ मध्ये खुली झाली, दुसरी २०२५ मध्ये. जवळच रेल्वेचा पूल आहे, ज्यावरून १९९२ मध्ये हार्बरची लोकल वाशीला पोचली. तुमच्या अभ्यासक्रमातलं बरंचसं या एका जागी पाहायला मिळतं. मला आज पहिल्या पुलाबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्या व्यवसायाला त्याने फार महागडा धडा दिला आहे.

सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा तो पूल पूर्वताणित काँक्रीटचा. नवी मुंबई त्याच्याच भरवशावर वसू लागली. असे पूल पिढ्यान्‌पिढ्या टिकावेत अशी अपेक्षा असते. पण वाहतूक सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत आतल्या केबल गंजत असल्याचं लक्षात आलं. जड वाहनांवर निर्बंध घालावे लागले, गर्डरना बाहेरून नव्या केबलचा ताण द्यावा लागला आणि अखेर शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. पुलांच्या टिकाऊपणावर देशात जिथे जिथे चर्चा होते, तिथे आजही ठाणे खाडी पुलाचं नाव निघतं.

केबल गंजते म्हणजे काय होतं, हे तुम्ही पुस्तकात वाचलं आहे. साइटवर ते असं दिसतं. काँक्रीटमध्ये नळी ठेवलेली असते, तिच्यातून पोलादी तारा ओवतात, जॅक लावून ताणतात आणि मग एका टोकाकडून सिमेंटचं पातळ ग्राउट पंपाने भरतात. दुसऱ्या टोकाला आधी पाणी येतं, मग पाणचट ग्राउट, मग हळूहळू आत गेलं तसंच दाट ग्राउट बाहेर पडू लागतं. ते येईपर्यंत थांबायचं, मग दाब धरून तोंड बंद करायचं. दाट ग्राउट येण्याआधीच कोणी तोंड बंद केलं तर आत पोकळी राहते. ती बाहेरून दिसत नाही आणि त्या दिवशीच्या अहवालात काम पूर्ण झाल्याचीच नोंद होते. पुढे खाडीची खारी दमट हवा ती पोकळी शोधून काढते.

आपल्या धंद्यातलं जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचं काम असं त्याच दिवशी झाकलं जातं. सळयांवर काँक्रीट पडतं, वॉटरप्रूफिंगवर लाद्या बसतात, पायावर माती लोटली जाते. झाकलं जाण्याआधीचा जो अर्धा-एक तास असतो, तेवढ्यात जो माणूस तिथे उभा असतो तोच खरा व्यवस्थापक. बाकीचा दिवस तुम्ही बैठकांत घालवलात तरी माझी तक्रार नाही.

आता तुमच्या पहिल्या वर्षात हमखास येणारा प्रसंग सांगतो. रात्री स्लॅब भरायला घेतला आहे. अर्धा झाला आहे. पुढचा मिक्सर घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर कुठेतरी अडकला आहे. काँक्रीट प्लांटवर भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामं व्हावं, असा दंडक आहे. गोठण लांबवणारं रसायन घातलं असेल तर थोडी सवलत. मिक्सर पोचतो तेव्हा माल घट्ट झालेला असतो, स्लम्प म्हणजे मालाचा ओघळ मापात बसत नाही. ड्रायव्हर पाण्याचा पाइप हातात घेतो आणि म्हणतो, "साहेब, थोडं पाणी मारतो, चालून जाईल." मुकादमाला घाई आहे, ठेकेदाराचा फोन वाजतो आहे, गँग बसून आहे. पाणी मारलं तर माल सरसर पसरेल आणि सगळे सुटतील. त्याची ताकद किती घसरली हे नमुन्याचा क्यूब दाबून फोडला जाईल तेव्हा, म्हणजे २८ दिवसांनी कळेल. तोवर वरच्या मजल्याचं सेंटरिंग लागलेलं असेल. आणि क्यूब पाणी मारण्याआधी भरले असतील, तर तेव्हाही कळणार नाही.

मिक्सर परत पाठवा, हे सांगणं सोपं आहे. नुसत्या धीटपणावर मात्र तो परत जात नाही, हे मला आज तुमच्या मनावर ठसवायचं आहे. तुम्ही स्लॅबची भरणी आखतानाच दुसऱ्या प्लांटशी बोलून ठेवलं असेल, काम मध्येच थांबलं तर सांधा कुठे घ्यायचा हे डिझाइनरला आधी विचारून ठेवलं असेल, ठेकेदाराच्या कराराच्या दरात परत गेलेल्या मालाची सोय असेल, तर त्या रात्री 'नाही' म्हणणं तुम्हाला परवडतं. यातलं काहीच केलं नसेल तर कितीही सच्चा इंजिनीअर असो, पहाटे तीनला तो वाकतो. म्हणून वेळापत्रक आखताना त्यात सचोटीला जागा ठेवा. ज्या आराखड्यात एका दिवसाचीही ढील नाही, तो खोटी नोंद करायला भाग पाडतो. मुंबईत पावसाळ्याआधी कामं संपवण्याच्या ३१ मेच्या मुदतीची तलवार सगळ्यांच्या डोक्यावर असते. ती जानेवारीत आठवली तर मे महिन्यात पाप करावं लागत नाही.

मानखुर्दमध्ये आणखी एक ठिकाण तुम्ही जरूर पाहावं: लल्लूभाई कंपाउंड. मुंबईच्या वाहतूक प्रकल्पांत ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी बांधलेल्या या इमारती. घरांची संख्या भरली, ताबा दिला गेला, प्रकल्प पुढे सरकले. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही वसाहत, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचीच पीएमजी कॉलनी तपासली होती. इमारती जिथे खेटून उभ्या आहेत आणि खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, तिथे क्षयरोगाचा भार अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन इमारतींमधलं अंतर तुम्ही ठरवत नाही, हे मला मान्य आहे. नियम आणि आराखडे दुसरे कोणी करतात. पण नकाशा सगळ्यात आधी जमिनीवर आखून पाहणारे तुम्हीच असता. चुन्याच्या दोन रेघांमध्ये उभं राहून 'इथे खालच्या घरात उजेड येणार नाही' हे लेखी कळवणारा माणूस प्रकल्पावर असायला हवा. ते ऐकलं जाईलच असं नाही. कळवणं तरीही तुमचंच काम आहे.

तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी खाडीवर पोट असलेल्या मच्छीमारांची संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना भरपाई देण्याचा आणि त्यासाठी धोरण आखण्याचा आदेश दिला. अशी माणसं तुमच्या बार चार्टमध्ये कुठल्याच ओळीत नसतात. काम सुरू होण्याआधी कोळीवाड्यात जाऊन बसलात तर ती सापडतील.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर इथे आलो. मुंबईतल्या कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी उभे राहा. कोणी मराठवाड्यातून आलेला असतो, कोणी कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर बसवला आणि त्यातून कामगारांसाठी कल्याणकारी मंडळं उभी राहिली. महाराष्ट्राच्या मंडळात नाव नोंदवायला कामगाराला वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. त्यावरच मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाती मृत्यूनंतरच्या मदतीपर्यंत सगळं अवलंबून असतं. दाखल्याचा कागद एका पानाचा. बिगारी तो घेऊन साइट ऑफिसच्या दारात उभा राहतो आणि त्याला 'उद्या ये' असं ऐकायला मिळतं. उद्याची त्याची हजेरी बुडते. पोटठेकेदार बदलला की आधीचे दिवस कोणाच्याच वहीत नसतात.

तुमच्या सहीने उद्या कोट्यवधींची बिलं मंजूर होतील. त्याच सहीने हा दाखलाही निघेल, एवढी व्यवस्था करा. पोटठेकेदार कोणीही असो, हजेरीपट मुख्य साइट ऑफिसात राहू द्या. आठवड्यातली एक संध्याकाळ दाखल्यांसाठी ठरवा आणि दारावर तसा फलक मराठीत, हिंदीत लावा. सेफ्टीच्या सकाळच्या बैठकीत हेल्मेट आणि बेल्टबरोबर नोंदणीचंही विचारा. जिथे बायका कामावर आहेत तिथे त्यांची लेकरं कुठे आहेत, हे रोज स्वतः जाऊन बघा. पाळणाघराची तरतूद कायद्यात आहे, ती बजेटमध्ये पहिल्या दिवशी धरली तरच साइटवर उतरते.

यातलं एकही काम करायला तुम्हाला पदोन्नतीची वाट पाहावी लागणार नाही. पहिल्या साइटवर, पहिल्या महिन्यात सुरू करता येईल.