रोममधल्या दोन रात्री

रोसिनीचा ‘सेव्हिलचा न्हावी’ हा विनोदी ऑपेरा दोनशे वर्षं जगभर लोकांना हसवतो आहे. पण २० फेब्रुवारी १८१६ रोजी रोमच्या आर्जेंतिना नाट्यगृहात पडदा उघडला, तेव्हा प्रेक्षकांनी शिट्ट्या आणि आरडाओरडा करून तो प्रयोग पाडला.

राग संगीतावर नव्हताच. हा ऑपेरा नाटककार बोमार्शेच्या ज्या नाटकावर बेतलेला आहे, त्याच नाटकावर ज्येष्ठ संगीतकार पाइझिएल्लोने १७८२ साली पीटर्सबर्गला ऑपेरा रचला होता आणि इटलीत त्याचा फार मान होता. बुजुर्गाच्या विषयाला हात घालणारा हा तेविशीतला पोर कोण? रोसिनीने ऑपेराचं नाव बदलून ‘आल्माविवा’ ठेवलं, छापील संहितेत पाइझिएल्लोबद्दल आदर व्यक्त झाला. पण ऐकतो कोण!

त्या रात्रीची हकिगत पुढे लिहून ठेवली ती नायिका रोझिनाचं काम करणाऱ्या जेल्त्रूदे रिगेत्ती-जोर्जी या गायिकेने, १८२३ साली. रोसिनी सोन्याच्या बटणांचा बदामी कोट घालून आला, तिथूनच टिंगल सुरू झाली. खिडकीखाली प्रेमगीत गाताना गायक गार्सियाच्या गिटारची तार तुटली. रंगमंचावर मांजर आलं, असंही सांगतात. गोंधळात रोसिनी उभा राहिला आणि आपल्या गायकांसाठी टाळ्या वाजवू लागला. हा उर्मटपणा आहे असं लोकांना वाटलं. मला त्यात त्याचं मोठेपण दिसतं. प्रयोगानंतर मंडळी त्याचं सांत्वन करायला घरी गेली, तर स्वारी गाढ झोपलेली!

दुसऱ्या रात्री तो आजाराचं निमित्त करून घरीच राहिला. लोकांनी या वेळी निदान ऐकून घेतलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच वर्षी बोलोन्याला हा ऑपेरा आजच्या नावाने रंगला.

घाई तर केवढी होती! करार आदल्या डिसेंबरातला, त्यामुळे जुनं संगीतही कामी आलं. आज या ऑपेराची ओळख बनलेलं सुरुवातीचं वाद्यसंगीत मुळात रोसिनीच्याच १८१३ सालच्या ‘आउरेलियानो’ या गंभीर ऑपेराचं; विनोदी नाटकाला ते इतकं शोभतं की कुणाला शंकाही येऊ नये.

रोझिनाची गाणी मात्र रिगेत्ती-जोर्जीच्या भारदस्त, खालच्या पट्टीतल्या आवाजासाठी बांधलेली. पुढे उंच आवाजाच्या गायिकांनी ती आपलीशी केली आणि मूळचा रंग बराच काळ मागे पडला. म्हणून ध्वनिमुद्रिका निवडताना रोझिना खालच्या पट्टीत गाणारी आहे ना, एवढं जरूर पाहा.